एडिसनजवळचं इनडोअर बॅटिंग केज: दोन हिवाळे वापरून झाल्यावर लिहितोय

मंडळी, जानेवारी उजाडला की आमच्या न्यू जर्सीच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी एकच प्रश्न येतो, पोराला बॅटिंग केजला (जाळीच्या आत मशीनसमोर बेसबॉलच्या बॅटिंगचा सराव करायची जागा) नेऊन खरंच फायदा होतो का नुसते पैसे जातात. मी दर वेळी दोन ओळीत उत्तर देतो आणि मग फोनवर अर्धा तास बोलत बसतो, म्हणून या वेळी सगळं एकदाच नीट लिहून काढतोय. मुलगा आता अकरा वर्षांचा आहे, लिटल लीग (लहान मुलांची बेसबॉल लीग) खेळतो, आणि गेले दोन हिवाळे आम्ही एडिसनच्या बाजूला एका वेअरहाऊसमधल्या केजला जातोय. जागेचं नाव टाकत नाहीये कारण खाली थोड्या तक्रारी पण आहेत आणि चालवणारे काका मनाने फार चांगले आहेत, पण इकडे अशी केजेस बरीच आहेत आणि जे लिहितोय ते थोड्याफार फरकाने सगळीकडे लागू पडेल.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. बाहेरून बघितलं तर टाइल्सचं गोडाऊन वाटेल अशी बिल्डिंग, आत शिरलं की सात लेन, सगळ्या जाळीने वेगळ्या केलेल्या, खाली हिरवं टर्फ. डावीकडच्या चार लेन टोकनवाल्या, म्हणजे टोकन टाकलं की मशीन १८ बॉल टाकतं, तीन डॉलरला एक टोकन. उजवीकडच्या तीन लेन अर्ध्या तासाच्या भाड्याने मिळतात, ३२ डॉलर, त्यात मशीन हवं तर मशीन, नको तर टी (बॉल ठेवून मारायचा स्टँड) आणि बादलीभर बॉल घेऊन तुमचं तुम्ही काय ते करा. दहा वेळचा पास घेतला तर स्वस्त पडतं. हेल्मेट तिथे मिळतं पण घरचं न्या. हीटर एकच आहे आणि तो काउंटरपाशी, त्यामुळे फेब्रुवारीत आतल्या लेनमध्ये बोटं गार पडतात, थर्मल घालूनच जा.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही काय केलं ते सांगतो कारण बहुतेक सगळे तेच करतात. शनिवारी जायचं, सहा टोकन घ्यायची, ५०चा (ताशी ५० मैल) बोर्ड असलेल्या लेनमध्ये पोराला उभं करायचं आणि बाहेर बेंचवर बसून व्हिडिओ काढायचा. शंभरच्या वर बॉल मारून तो लालबुंद होऊन बाहेर यायचा, शेवटच्या दोन टोकनला तर एकही बॉल सुटत नव्हता, आम्ही दोघंही खूश. एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला आणि पहिल्या चार गेममध्ये मिळून एक हिट, म्हणजे बॉल मारून सुखरूप बेसवर पोचणं. बॅट बॉलच्या आधीच फिरून जायची नाहीतर फार उशिरा यायची, मधलं काहीच नाही. गाडीत घरी येताना तो रडवेला होऊन म्हणाला, "बाबा, केजमध्ये तर मी सगळे मारत होतो ना?" आणि माझ्याकडे तेव्हा त्याचं उत्तर नव्हतं.

उत्तर बायकोने दिलं. ती जळगावला शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळलीये, बाहेर फार बोलत नाही त्याबद्दल, पण एके दिवशी ती आमच्याबरोबर केजला आली, दहा मिनिटं जाळीबाहेर उभी राहिली आणि म्हणाली, अरे तो बॉल बघून मारतच नाहीये, त्याला मशीनची ताल पाठ झालीये. आणि खरंच तसं होतं. मशीन दर सहा सेकंदांनी त्याच उंचीवर त्याच वेगाने तोच बॉल टाकतं, तिसऱ्या चौथ्या बॉलनंतर पोरगं मनात आकडे मोजून बॅट फिरवतं, बॉल कुठाय याच्याशी त्याचा संबंधच उरत नाही. गेममध्ये समोरचा पिचर (बॉल टाकणारा) एक बॉल ४८ने टाकणार, पुढचा ४०ने, एक बाहेर, एक पायाशी, आणि त्यातले मारायचे कुठले आणि सोडायचे कुठले हे ठरवायचा सराव तर आम्ही शून्य केला होता.

याच्या मागे मशीन कसं चालतं तेही आहे. टोकनच्या लेनमध्ये दोन चाकांचं मशीन आहे, रबरी चाकं उलट्या दिशेने फिरतात आणि बॉल मधे चिमटीत सापडून फेकला जातो. बॅटरला दिसतं काय तर एक भोक आणि त्यातून अचानक बाहेर आलेला बॉल. माणूस बॉल टाकतो तेव्हा त्याचा पाय उचलला जातो, खांदा वळतो, हात मागून वर येतो आणि मग बॉल सुटतो, बॅटर आपलं वजन मागे घ्यायला सुरुवात करतो ते हे सगळं बघून. भोकाला हात नाही न पाय नाही. हाताचं मशीनही असतं, ज्यात एक लोखंडी दांडा स्प्रिंगने फिरून बॉल फेकतो, ते या बाबतीत खूप बरं कारण निदान दांडा वर येताना दिसतो. आमच्या केजमध्ये असं एकच आहे, त्याबद्दल शेवटी सांगतो. जाता जाता, हे पिचिंग मशीन प्रकरण आपल्या न्यू जर्सीचंच आहे हे मला अलीकडे कळलं, प्रिन्स्टनला चार्ल्स हिंटन नावाचे गणिताचे शिक्षक होते त्यांनी १८९७ मध्ये प्रिन्स्टनच्या टीमसाठी बंदुकीच्या दारूवर चालणारं मशीन बनवलं होतं, अक्षरशः तोफेसारखं, आणि बॅटर त्याला घाबरायचे म्हणे. चौथ्या मितीवर लिहिणारा हाच तो माणूस. पोराला सांगितलं तेव्हापासून तो मशीनला तोफच म्हणतो.

तर भाड्याच्या लेनमध्ये चाकाचं मशीन असेल तर एक गोष्ट करा, याला एक पैसाही लागत नाही. बॉल मशीनमध्ये घालणारे तुम्ही असता, एल-स्क्रीनच्या (मारलेला बॉल अंगावर येऊ नये म्हणून लावलेल्या जाळीच्या) मागे उभे. बॉल तसाच नळीत सोडून देऊ नका. बॉल हातात डोक्याच्या वर धरा, मुलाला दिसू द्या, मग हात सावकाश खाली आणत नळीपाशी न्या आणि सोडा. प्रत्येक वेळी तसंच. हात खाली यायला लागला की त्याने वजन मागच्या पायावर घ्यायचं. दोन सेशनमध्ये फरक दिसला मला, त्याचं ते घाईघाईने पुढे झुकणं निम्म्याने कमी झालं. आणि दर चार पाच बॉलनंतर एकदा हात खाली आणायचा पण बॉल सोडायचा नाही, मग लगेच कळतं पोरगं बघतंय का मोजतंय.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि ही मला सगळ्यात जास्त सांगायचीये कारण आम्ही तिच्यात फसलो. बोर्डवर ५० लिहिलंय म्हणजे बॉल ताशी ५० मैलाने निघतो असं धरू, पण तो किती लांबून येतोय ते बोर्डवर नसतं. लिटल लीगमध्ये पिचर ४६ फुटांवर असतो. मी एकदा मेजरिंग टेप घेऊन गेलो आणि काकांना विचारून मोजलं तर त्या लेनमध्ये मशीनचं तोंड प्लेटपासून (बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो ती पाटी) ५४ फुटांवर. आता गणित करा, ५० मैल म्हणजे सेकंदाला साधारण ७३ फूट, ५४ फूट यायला पाऊण सेकंदाच्या किंचित कमी. तेवढाच वेळ ४६ फुटांवरून मिळायचा असेल तर बॉल फक्त ४२-४३ मैलाचा हवा. म्हणजे पोराला वाटतंय मी पन्नासचा खेळतो, आम्हालाही वाटतंय, आणि प्रत्यक्षात गेममधल्या ४३चा सराव चाललाय. मैदानात खरा ५०चा पिचर आला की हातात साधारण एक दशांश सेकंद कमी, आणि या खेळात तेवढ्यात सगळं होऊन जातं.

उपाय सोपा आहे, बोर्ड बघू नका, अंतर मोजा आणि वेळ जुळवा. भाड्याच्या लेनमध्ये प्लेटची मॅट सुटी असते, ती हलवता येते. आम्ही मशीन ४० मैलावर ठेवतो आणि मॅट ३८ फुटांवर, तर गेममधल्या जवळजवळ ४८च्या बॉलइतकाच वेळ मिळतो, शिवाय ४०चा बॉल लागला तरी कमी लागतो. जपानमध्ये पुढे मोठा बेसबॉलपटू झालेला इचिरो सुझुकी लहान असताना वडिलांबरोबर नागोयाजवळच्या टोयोयामा गावातल्या बॅटिंग सेंटरला रोज जायचा, मशीनचा वेग त्याला कमी पडायला लागला तर तिथल्या मालकाने त्याच्यासाठी जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून घेतली आणि तरी कमी पडलं तर तो प्लेट सोडून पुढे येऊन उभा राहायचा. पुढे २००४ मध्ये एका सीझनमध्ये २६२ हिट मारल्या त्याने, अमेरिकेतल्या मोठ्या लीगचा तो रेकॉर्ड आजही आहे. त्याच्यात जे होतं ते सगळ्यांत नसतं हे मान्य, पण पुढे येऊन उभं राहणं कुणालाही जमतं. फक्त टोकनच्या लेनमध्ये हे करू नका, तिथे मॅट पक्की आहे आणि पुढे उभं राहायला त्यांची परवानगी नाही, ते बरोबरच आहे.

आता या जागेतली माझ्या मते सगळ्यात भारी गोष्ट, जिच्याकडे शनिवारच्या गर्दीत कुणी ढुंकूनही बघत नाही, ती म्हणजे सात नंबर लेनच्या शेजारचा टीचा कोपरा. टॅनर कंपनीच्या दोन टी ठेवल्यात, वर गुंडाळलेल्या रबराचं तोंड असतं त्यावर बॉल टेकतो, बॅट लागली तरी टी पडत नाही आणि हाताला झटका बसत नाही. पोरांना वाटतं टी म्हणजे पाच वर्षांच्या मुलांचं खेळणं. सॅन डिएगोच्या टीमचा बॅटर टोनी ग्विन, आठ वेळा लीगमधला सगळ्यात वरचा बॅटिंग अॅव्हरेज, कारकिर्दीचा अॅव्हरेज .३३८ (म्हणजे हजारात ३३८ हिट), तो रोज टीवर काम करणारा म्हणून ओळखला जायचा. मी मुलाला एवढंच सांगितलं की त्याला लागत होती तर आपल्यालाही लागेल.

टी मधोमध ठेवून कमरेच्या उंचीचे बॉल मारत राहिलात तर मात्र खरंच वेळ जातो. बॉल आतल्या बाजूला, म्हणजे अंगाच्या जवळ, ठेवलात तर टी पुढे हवी, पुढच्या पायाच्याही थोडी पुढे, कारण आतला बॉल लवकर गाठावा लागतो. बाहेरचा बॉल असेल तर टी मागे आणा, पोटाच्या रेषेपर्यंत, आणि मारायचा उलट्या बाजूला, उजव्या हाताच्या बॅटरने उजव्या मैदानात. मधला त्या दोन्हींच्या मधे. मग उंची बदला, गुडघ्याचा, कमरेचा, छातीखालचा. असे नऊ जागांवर पाच पाच केले तरी ४५ स्विंग होतात आणि पंधरा मिनिटांत कळतं कुठे भोक, म्हणजे कच्ची जागा, आहे. आमच्याकडे भोक बाहेरच्या खालच्या बॉलला होतं, तिथे तो मनगट लवकर वळवायचा आणि बॉल सरपटत तिसऱ्या बेसकडे. बॅट बॉलला लागते त्या क्षणी एक तळहात आकाशाकडे आणि एक जमिनीकडे असायला पाहिजे, मनगट वळायचं ते बॉल गेल्यानंतर. हे टीवर थांबून दाखवता येतं, मशीनसमोर नाही.

लक्ष्य पण पाहिजे समोर. समोरच्या टोकाच्या जाळीवर मी दोन कपड्याच्या चिमट्यांनी एक लाल ओढणी बांधतो, माझ्या डोक्याच्या किंचित वर येईल अशी. तिथे लागला म्हणजे लाइन ड्राइव्ह, सरळ सपाट जाणारा जोरदार फटका. आचरेकर सर शिवाजी पार्कला सचिनच्या स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, पूर्ण सरावात आउट झाला नाही तर नाणं त्याचं, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहितीये. तीच युक्ती मी इथे आणली, दहापैकी सात बॉल ओढणीच्या आसपास लागले तर एक क्वार्टर (२५ सेंटचं नाणं) त्याचा. घरी बरणीत १९ क्वार्टर झालेत आणि तो एकही खर्च करत नाही. दहावा बॉल टीवर ठेवताना त्याचा चेहरा कसा होतो ते बघण्यासारखं असतं, श्वास घेतो, पाय नीट ठेवतो, प्लेटकडे बघतो, गेममध्ये दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला आउट) जे करायला पाहिजे ते सगळं तिथे करतो.

टीनंतर फ्रंट टॉस. म्हणजे साधारण १५ फुटांवर एल-स्क्रीनमागे बसून खालून हलकेच बॉल टाकायचा. मला विचाराल तर ३२ डॉलरमधले वीस डॉलर तरी या दहा मिनिटांचे आहेत, कारण इथे माणूस टाकतोय, बॉल कुठे टाकायचा ते तुमच्या हातात आहे, एक आत एक बाहेर एक मुद्दाम प्लेटच्या बाहेर, आणि मुलाला दर वेळी ठरवायला लागतं मारू का सोडू. खराब बॉल सोडला की मी मोठ्याने शाबास म्हणतो, हिट मारल्यावर म्हणतो त्याच्याइतकंच. हे मी मुद्दाम करतो, पहिल्या वर्षी मी फक्त जोरात मारल्यावर ओरडायचो आणि मग तो सगळंच मारायला जायचा.

इथे एक इशारा. स्क्रीनच्या मागे म्हणजे पूर्ण मागे. बॉल टाकला की हात लगेच आत. गेल्या वर्षी या केजमधल्या एका स्क्रीनच्या पाइपवरचं पॅडिंग फाटलेलं होतं, माझा खांदा एवढासा बाहेर आणि बॉल उघड्या पाइपवर आपटून उसळून खांद्यावर बसला, दहा दिवस हात वर जात नव्हता. सांगितल्यावर त्यांनी पॅड बदललं, पण दीड महिना लागला. तुम्ही लेन घेताना आधी स्क्रीनची जाळी आणि पॅड हात लावून बघा, जाळीला भोक असेल तर दुसरी स्क्रीन मागा, लाजू नका. आणि लेनमध्ये बॅटर आणि टाकणारा सोडून तिसरं कुणी नको, धाकटी भावंडं तर अजिबात नकोत, बॅट घेऊन वाट बघणारा मित्र पण बाहेर.

स्विंग किती मारायचे यावर माझं मत आता अगदी पक्कं झालंय. अर्ध्या तासात ६० ते ७०, बास. त्यातही एका वेळी सहा, मग बाहेर यायचं, पाणी प्यायचं, मिनिटभर बोलायचं, परत सहा. गेममध्ये एका वेळी त्याला फार तर चार पाच बॉल बघायला मिळतात आणि मधे वेळ असतो, मोठ्या लीगमध्ये २०२३ पासून घड्याळ लावलं तरी बेसवर कुणी नसेल तर पिचरला १५ सेकंद मिळतात, आणि हे टोकनचं मशीन सहा सेकंदाला एक बॉल ओकतं. दहाव्या बॉलपर्यंत हात खाली येतात, पाय हलायचे थांबतात, नुसते खांदे फिरतात, आणि मग तो थकलेला स्विंगच अंगात बसतो. टोकनच्याच लेनमध्ये जायची वेळ आली, कधी कधी भाड्याची मिळत नाही, तर आम्ही एक बॉल मारतो एक सोडतो. सोडलेला बॉल पण वाया नाही, पायाची हालचाल सगळी करायची, डोळ्याने बॉल मागच्या रबरावर आपटेपर्यंत बघायचा आणि आत होता का बाहेर ते मोठ्याने बोलायचं. बाजूच्या लेनमधले लोक बघतात, बघू देत.

मशीन अजिबात नको असं माझं म्हणणं नाही हं, गैरसमज नको. वेगाची भीती घालवायला मशीनसारखं काही नाही, माझ्या हाताने ५०चा बॉल दहा वेळा टाकणं मला जमत नाही. बंट (बॉल जोरात न मारता बॅटने नुसता हलकेच अडवणं) शिकायला तर मशीनच, कारण बॉल एकाच जागी येतो आणि मुलाला फक्त बॅट आडवी धरून गुडघ्यातून वरखाली व्हायचं शिकता येतं. आम्ही मशीनची प्रत्येक फेरी दोन बंटने सुरू करतो, डोळा बसतो त्याने. मग सहा उलट्या बाजूला, मग सहा मधोमध. ओढून (उजव्या बॅटरने डावीकडे) मारायचे सगळ्यात शेवटी, आणि तेही त्याला हवे असतील तरच.

आणि जाळीच्या छताला लागलेल्या बॉलवर टाळ्या वाजवू नका. आवाज मस्त येतो, पोरं खूश होतात, पण केजच्या छताला जवळून लागलेला बॉल म्हणजे मैदानात शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) हातातला कॅच. बॉल जाळीला कुठे लागला ते बघायची सवय लावा, समोरच्या टोकाच्या जाळीच्या वरच्या निम्म्यात लागला तर उत्तम, बाजूच्या जाळीला अर्ध्या वाटेतच लागला तर फाउल किंवा फार लवकर, टर्फवर दोन टप्पे पडून गेला तर ग्राउंडर. आमच्या पोराकडे आता हे सगळं तोंडपाठ आहे, मला सांगायच्या आधी तोच सांगतो.

बॅटबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो कारण आमचे पैसे गेलेत. लिटल लीगमध्ये २०१८ पासून धातूच्या किंवा कंपोझिट (फायबरच्या) बॅटवर यूएसए बेसबॉलचा शिक्का लागतो, तशी एक महागातली कंपोझिट बॅट आम्ही वाढदिवसाला घेतली आणि तीच केजला न्यायला लागलो. मशीनमध्ये वापरतात ते बॉल शिवणीचे नसतात, गोल्फच्या बॉलसारखे खळगे असलेले पिवळे टणक बॉल असतात, कारण शिवण असली की चाकात बॉल दर वेळी वेगळा पकडला जातो. त्यात आत थंडी. फेब्रुवारीत एक दिवस बॅटचा आवाज बदलला, नीट बघितलं तर बारीक चीर. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की मशीनच्या बॉलसाठी वापरली तर वॉरंटी नाही, आणि थंडीत वापरू नका हेही. कुणाला दोष देत नाही, आम्ही वाचलं नव्हतं. तेव्हा केजसाठी एक साधी अॅल्युमिनियमची बॅट वेगळी ठेवा, जुनी चालेल, फक्त लांबी आणि वजन गेमच्या बॅटएवढंच हवं, आणि चांगली बॅट फक्त गेमला.

आपल्यातल्या क्रिकेटवाल्या बाबांसाठी दोन वाक्यं. डोकं स्थिर ठेव आणि बॉल शेवटपर्यंत बघ, हे आपलं शिकवणं जसंच्या तसं इथे चालतं. पण सरळ बॅट, कोपर वर, वरून खाली ये, हे नको. क्रिकेटमध्ये बॉल टप्पा पडून वर येतो, इथे पिचर उंचवट्यावरून टाकतो आणि बॉल प्लेटपाशी येताना खालीच उतरत असतो, म्हणून बॅट त्याच्या वाटेवर थोडा वेळ राहावी यासाठी ती जरा खालून वर, बॉलच्या उतारावरच उलटी चढत गेलेली बरी. मी पहिलं वर्षभर वरून खाली मार म्हणत होतो, त्याचे निम्मे ग्राउंडर माझ्यामुळे होते, आणि हे त्याला मी सांगितलंय पण.

केजमध्ये पाच डॉलर जास्त दिले की स्क्रीनवर बॉल किती वेगाने बॅटवरून गेला तो आकडा दिसतो. महिन्यातून एकदा ठीक आहे. दर वेळी लावलंत तर मुलाचं डोकं बॉल सोडून स्क्रीनकडे वळतं, आणि आकडा वाढवायच्या नादात सगळं अंग एकदम उघडतं. आम्ही हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि मार्चमध्ये एकदा बघतो. शिकवणारे कोच पण आहेत, अर्ध्या तासाचे ७० डॉलर. आम्ही तीन वेळा घेतले, तिसऱ्या वेळी कोचनी फक्त एक गोष्ट दिली, पुढचा पाय टेकताना गुडघा उघडू नको, आणि पुढचे सहा आठवडे आम्ही तेवढंच केलं. एका वेळी सात गोष्टी सांगणारा कोच असेल तर मी पैसे देणार नाही.

तक्रारी. बुकिंग फोनवरच, आणि फोन दुपारनंतर उचलतात. टोकनच्या मशीनमधले बॉल झिजून गुळगुळीत झालेत, झिजलेला बॉल चाकात सटकतो आणि अचानक छातीच्या उंचीवर येतो, लहान मुलांसाठी हे चांगलं नाही, मी तीनदा सांगितलंय आणि थोडे बदललेत, सगळे नाही. दोन नंबर लेनचा दिवा फडफडतो, तिथे बॉल नीट दिसत नाही, ती लेन घेऊच नका. जानेवारी ते मार्च शनिवार-रविवारी ११ नंतर पाय ठेवायला जागा नसते कारण सगळ्या गावांच्या टीमा एकदमच जाग्या होतात. दिवाळीचा फराळ संपला की लगेच दहाचा पास घ्या, नोव्हेंबर डिसेंबरमध्ये संध्याकाळी निम्म्या लेन रिकाम्या असतात आणि अर्धा तास संपल्यावर काका आणखी दहा मिनिटं काही बोलत नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही पहिल्यापेक्षा कमी वेळा गेलो आणि निम्म्याहून कमी बॉल मारले. सीझनमध्ये तो स्टार झाला असं नाही, पण स्ट्राइकआउट खूप कमी झाले, वॉक (चार खराब बॉल सोडून मिळालेला बेस) वाढले, आणि मे महिन्यात एका गेममध्ये दोन स्ट्राइक असताना बाहेरचा खालचा बॉल त्याने उजव्या मैदानात सरळ लाइनने मारला, तोच बॉल, तेच भोक. बेसवर पोचल्यावर त्याने आईकडे बघून ओढणी हलवल्यासारखा हात केला. ती पाच मिनिटं काही बोलली नाही.

जाणार असाल तर भाड्याच्या लेनमधली तीन नंबरची मागा, दांड्याचं मशीन त्याच लेनला आहे, ५४ नाही तर ४७ फुटांवर, आणि मॅट सुटी आहे. शनिवारी सकाळी साडेआठला उघडतात, पहिला स्लॉट बऱ्याचदा रिकामा असतो. पार्किंग मागच्या बाजूला, पुढे लावली तर शेजारचे दुकानवाले गाडी उचलायला लावतात. चिमटे आणि ओढणी घरून न्या.